घरातलीच, पण कुणाच्या घरातली?

शहापूर-मुरबाडच्या वाड्यापाड्यांत पडदा लावायचा म्हटलं की जयंतीला जब्बार पटेलांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' (2000), नाहीतर मारामारीचा हिंदी पिक्चर. फ्रेंच पिक्चरचं नाव काढा, पोरं हसतात. ते म्हणे शहरातल्या फिल्म सोसायटीवाल्यांचं काम. मित्रांनो, हे मला मान्य नाही. उस्मान सेम्बेनचा 'ला नुआर द...' (1966) आपल्या वाडीत लागलाच पाहिजे.

सेम्बेन (1923–2007) सेनेगलचा. मार्सेच्या बंदरात हमाली करून लेखक झालेला माणूस. स्वतःच्याच कथेवर त्याने हा तासाभराचा पिक्चर काढला. वरवर पाहता कौटुंबिक. नवरा, बायको, मुलं, चकचकीत घर. पण कॅमेरा आहे मोलकरणीबरोबर. प्रस्थापितांच्या कौटुंबिक सिनेमात ती चहा आणून ठेवते आणि पडद्याबाहेर जाते. इथे ती जात नाही.

दिउआना डकारची. तिथे बाया कामासाठी रस्त्याच्या कडेला बसून राहतात, मॅडम येऊन निवडते. आपल्या कल्याणच्या नाक्यासारखंच. पुढे तिला फ्रान्सला, आंतीबला नेतात. मुलं सांभाळायला म्हणून नेलेली बाई स्वयंपाक, धुणी, फरशी करत बसते. पायातले उंच टाचेचे बूट काढायला लावतात. पाहुणा विचारल्याशिवाय मुका घेतो. सेनेगल 1960 साली स्वतंत्र झाला, मॅडमच्या स्वयंपाकघरात ती बातमी पोचलेलीच नाही.

हे आपल्या बायांना समजावून सांगावं लागेल का? भातसा-तानसाचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात शहापूरचे पाडे टँकरकडे डोळे लावून बसतात. त्याच दिशेने आसनगावहून पहाटेची लोकल पकडून बाया भांडी घासायला जातात. मुरबाडला तर रेल्वेही नाही, एसटीने कल्याण गाठायचं. मालकीण म्हणते, तू घरातलीच. कप मात्र वेगळा.

पिक्चरचा खरा गाभा एका पत्रात आहे. आईचं पत्र येतं, तेही दुसऱ्याने लिहिलेलं. दिउआनाला वाचता येत नाही. साहेब वाचून दाखवतो आणि तिच्या वतीने उत्तरही लिहायला बसतो. मी मजेत आहे, वगैरे. दिउआना कागद फाडून टाकते. आपलं सुखदुःख दुसऱ्याने लिहिलं की काय होतं, हे दलित साहित्याला नव्याने सांगायला नको. डकारमध्ये पत्र लिहून देणाऱ्या मास्तराचं काम खुद्द सेम्बेनने केलंय. म्हणजे दुसऱ्याच्या वतीने लिहिणाऱ्यांच्या रांगेत त्याने स्वतःलाही उभं केलं. असा प्रामाणिकपणा आपल्यातल्या किती लेखकांकडे आहे?

आता उणं. दिउआना मनात बोलते ते अस्खलित फ्रेंचमध्ये. मालकाच्या भाषेत तिचं मन! पुढे 'मंडाबी'त (1968) सेम्बेनने वोलोफ भाषा आणली, ते बरं केलं. दुसरं, दिउआना न्हाणीघरात जीव देते. संघटना नाही, सोबतीण नाही. हा शेवट पाहून हळहळणारे पुष्कळ भेटतील. त्यांना हळहळू द्या. आपण पुढचं बघायचं. साहेब तिची पेटी, पगार आणि तिनेच भेट दिलेला मुखवटा घेऊन डकारला येतो. आई पैशाला हात लावत नाही. लहान पोरगा तो मुखवटा तोंडाला लावून साहेबाच्या मागे मागे चालतो आणि साहेबाची चाल भराभर वाढत जाते. चर्चा इथून सुरू करायची.

आणि दाखवायचं कसं? खालची इंग्रजी अक्षरं वाचणार कोण? माईकवर मराठीत कुणीतरी सांगायला हवं. आपण कार्यकर्ते लगेच पुढे सरसावू. पण मग साहेबाचं पत्रच झालं ना ते? आधी दोन रात्री बसून अर्थ समजावून द्या, आणि माईक द्या लोकलने कामाला जाणाऱ्या एखाद्या ताईच्या हातात. ती तिच्या बोलीत सांगेल. चुकेल, थांबेल, मध्येच मालकिणीला शिवी घालेल. घालू द्या.