नदीचं अंग

आमच्या अलकापुरीला लागूनच अकोटा. तिथं १९५१ साली जमिनीतून निघालेल्या जैन कांस्यमूर्ती आता सयाजीबागेतल्या संग्रहालयात आहेत. त्यांतले जीवंतस्वामी, म्हणजे दीक्षेआधीचे महावीर, मी कितीदा तरी पाहिलेत. डोक्यावर मुकुट, अंगावर दागिने आणि हात मात्र कायोत्सर्गात सोडलेले. घर अजून सुटलेलं नाही, पण मन निघालंय, हे ओतणाऱ्यानं नुसत्या हातांतून सांगितलं. त्यातल्या एका मूर्तीवर ती करवणाऱ्या श्राविकेचं नावही कोरलंय, नागीश्वरी. सहाव्या शतकातली बाई!

ध्रुव मिस्त्रींची ब्राँझची ‘नदी’ मी याच सवयीच्या डोळ्यांनी पाहते. मिस्त्री इथल्याच सयाजीराव विद्यापीठात शिकले, पुढे लंडनला गेले आणि १९९७ साली बडोद्याला परतले. ‘नदी’ मात्र तिकडेच राहिली, बर्मिंगहॅमच्या व्हिक्टोरिया चौकात, १९९३ पासून. मी तिला फोटोंतच पाहिलंय. पावणेदोन टनांची बाई, उघड्या अंगानं कारंज्यात बसलेली.

आपल्याकडे गंगेला मगर देतात, यमुनेला कासव. खूण दिसली की हात जोडले जातात. मिस्त्रींनी खूणच ठेवली नाही. उरलं ते भरदार, जड अंग. नटवेपणा त्यात कुठं नाही. मला हे पटतं. नदी काय नाजूक असते? पण त्याची किंमत तिला मोजावी लागली. गावानं तिला टबात बसलेल्या उठवळ बाईचं टोपणनाव दिलं, तेही यमक जुळवून. कुंभोजला बाहुबलींपुढे आपण लेकी-सुनांसह उभ्या राहतो, कुणी मान खाली घालत नाही. मग बाईचं अंग उघडं दिसलं की चेष्टाच का सुचते? हा दोष मी शिल्पाला देणार नाही.

त्याच चौकातले त्यांचे दगडी ‘रक्षक’, माणसाचं तोंड नि जनावराचं अंग असलेले, मला तितके भावले नाहीत. इजिप्तपासून आपल्यापर्यंतचं सगळं एकाच ताटात वाढल्यासारखं वाटतं. ओळखू येतात म्हणूनच बहुधा त्यांना कुणी हसलं नाही.

कारंजं गळायला लागलं तेव्हा पाणी बंद केलं, आणि २०१५ साली कुंडात माती भरून झाडं लावली. नदी सात वर्षं फुलझाडांत बसून होती. २०२२ साली पाणी परत आलं. टोपणनाव अजून तेच आहे.