धुराड्याचा दोष की आखणीचा?

प्रयोगशाळेत चांगली ठरलेली चूल स्वयंपाकघरातही चांगली ठरते काय? हा प्रश्न नेटाने विचारणारा एक अभ्यास रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन या अर्थशास्त्रज्ञांनी ओडिशात केला. ‘अप इन स्मोक’ हा त्यांचा निबंध २०१२ मध्ये प्रथम बाहेर आला व २०१६ मध्ये संशोधनपत्रिकेत छापला गेला. ४४ गावांतील सुमारे २,६०० कुटुंबे त्यांनी निवडली. चिठ्ठ्या टाकून काहींना धुराड्याची मातीची चूल आधी दिली, काहींना मागाहून. मग उच्छ्वासातील कार्बन मोनॉक्साइड मोजत चार वर्षांपर्यंत पाठपुरावा केला. पहिल्या वर्षी रांधणाऱ्या बायकांच्या पोटात जाणारा धूर कमी झाला. पुढे हा फरक पुसला गेला. चुली फुटल्या, अधूनमधूनच पेटू लागल्या, त्यांची निगा राहिली नाही. फुप्फुसांच्या कार्यक्षमतेत किंवा जळणाच्या वापरातही काही फरक दिसला नाही.

असा पाठपुरावा आपल्याकडे विरळाच. १९८० च्या दशकात सुरू झालेला राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम २००२ मध्ये थांबला तेव्हा सुमारे साडेतीन कोटी चुली बसवल्याचा हिशेब होता. बसवलेल्या चुलींचा हिशेब ठेवणे सोपे, पेटत राहिलेल्या चुलींचा अवघड. या दृष्टीने निबंधाचे मोल मोठे आहे. तरीही तो वाचून ‘म्हणजे धुराडे निरुपयोगीच’ असा अर्थ काढणारे भेटतात, तो आम्हांला मान्य नाही. (लेखकांनीही तसे म्हटलेले नाही.) निगा राहिली नाही हे निबंध सांगतो. ती राहणे इतके अवघड का, याची भौतिक बाजू मात्र त्यात फारशी येत नाही. ती आपण पाहू.

वर्गात आपण सांगतो की गरम हवा हलकी असते म्हणून वर जाते. हे अर्धेच उत्तर झाले. नळीतल्या हलक्या हवेला बाहेरची जड हवा खालून ढकलते, आणि या ढकलण्याला जोर किती हे फळ्यावर काढता येते. बाहेर ३० अंश सेल्सियस तापमान असताना एक घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे १.१६ किलोग्रॅम भरते. धुराड्यात सरासरी १५० अंश तापमान असेल तर ते ०.८३ किलोग्रॅम होते. फरक ०.३३. धुराडे ३ मीटर उंच धरले तर ०.३३ × ३ × ९.८, म्हणजे जेमतेम १० पास्कल. वातावरणाचा दाब सुमारे एक लाख पास्कल असतो. त्याच्या दहा हजाराव्या भागावर, पाण्याच्या एक मिलिमीटर उंचीच्या स्तंभाइतक्या दाबावर, आपली सारी निर्धूर चूल चालते!

आता पहाटेची वेळ घ्या. चूल नुकतीच पेटली आहे, धुराड्यात हवा ४० अंशांपर्यंतच तापली आहे. जोर उरतो जेमतेम १ पास्कलचा. ओले सरपण असेल तर सर्वांत जास्त धूर नेमका याच वेळी होतो. तो चुलीच्या तोंडातून बाहेर येतो आणि घरातले म्हणतात, ‘चूल बिघडली.’ वाऱ्याचेही तसेच. सेकंदाला ४ मीटर वेगाचा वारा, म्हणजे साधी झुळूकच, सुमारे ९ पास्कल दाब देऊ शकतो. धुराड्याचे तोंड आढ्याच्या खाली, वाऱ्याच्या बाजूला असेल तर हा वारा धूर परत घरात ढकलतो. परदेशात एक ठोकताळा रूढ आहे: छपरातून निघाल्यावर धुराडे किमान ९० सेंटिमीटर वर हवे, आणि तीन मीटरच्या आत असलेल्या कुठल्याही आढ्यापेक्षा वा भिंतीपेक्षा ६० सेंटिमीटर उंच. आपल्या उतरत्या कौलारू छपरांना हा नियम लावला तर धुराडे आढ्याजवळून काढणे स्वस्त पडते. पण आपल्याकडे चूल कडेच्या भिंतीशी, सोप्यापासून लांब. तिथून नळ वर काढला की तो पन्हाळीजवळ निघतो. छपराची सर्वांत खालची बाजू ती. मग कोणी कोपर लावून नळ भिंतीबाहेर आडवा नेतो. आडव्या भागात उंची मिळत नाही, वळणावर जोर खर्च होतो आणि काजळी मात्र तिथेच साचते.

काजळीचा हिशेब तर मुलांकडूनच करून घ्यावा. १० सेंटिमीटर व्यासाच्या नळीत चहूबाजूंनी दीड सेंटिमीटर काजळी बसली की व्यास ७ उरतो आणि छेदाचे क्षेत्रफळ निम्मे होते.

आमच्यापैकी एकाच्या आजोळी आम्ही मिळून अशी चूल बसवली तेव्हा हे गणित आम्हांला येत होते. धुराडे सरळ काढले, आढ्यापेक्षा उंच नेले, वर टोपी बसवली. पहिले सहा महिने घर कौतुक करीत होते. पुढच्या खेपेस गेलो तर जुनी चूल परसदारी पुन्हा मांडलेली. मामींनी कारण सांगितले: ‘काजळी काढायला कौलांवर चढायचं कोणी? हे म्हणतात सवड नाही, आणि मी चढले तर गाव हसेल.’ नळाच्या पायथ्याशी, कमरेच्या उंचीवर झाकणाचे एक तोंड ठेवले असते तर खालूनच काठीला चिंध्या बांधून काम झाले असते. आम्ही ते ठेवले नव्हते. उंचीचा हिशेब केला, हाताच्या पोचेचा केला नाही.

दुसरी गोष्ट त्यांनी न विचारता सांगितली. भाकरी तव्यावरून उतरली की निखाऱ्यांसमोर चुलीच्या तोंडाशी उभी करून शेकतात. आमच्या चुलीचे तोंड अरुंद. कागदावर हा गुणच होता, कारण फालतू हवा आत शिरत नाही. भाकरी मात्र फुगेना. शिवाय मागच्या वैलावर भांडे नसले की तिथून थंड हवा धुराड्यात ओढली जाते आणि आधीच तोकडा असलेला जोर आणखी घटतो. वैलावर सदा भांडे ठेवा असे आम्ही बजावले होते. तीन माणसांच्या घरात दोन भांडी एका वेळी कशाला चढतील, हे आमच्या ध्यानात आले नव्हते.

ओडिशाच्या निबंधाकडे या अनुभवातून पाहिले की ‘लोकांनी निगा राखली नाही’ हे वाक्य अपुरे वाटू लागते. निगा राखता येईल अशी चूल होती का, हे आधी विचारायला हवे. धुराड्याने धूर घराबाहेर जातो, नाहीसा होत नाही, हेही खरेच. आळीत घरे दाटीने असतील तर एकीचा धूर दुसरीच्या खिडकीत. त्यासाठी ज्वलनच सुधारावे लागते आणि तो निराळा विषय आहे.

सिमेंटचा जुना ॲस्बेस्टॉस नळ घरात पडून असेल तर तो करवतीने कापू नये, त्याचे तंतू श्वासात जातात. मामींच्या घरी आता पत्र्याचा नळ आहे. तोंड रुंद केले, वैल बुजवला, आणि पायथ्याशी डब्याच्या झाकणाचे दार बसवले. दर पंधरवड्याला त्या स्वतःच काजळी काढतात.