चार ठिपक्यांची संहिता

गेमिंगचा महागडा संगणक समोर आला की नजर आधी त्याच्या रोषणाईकडे जाते. पंख्यांना दिवे, रॅमच्या पट्ट्यांना दिवे, प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या पंपाला दिवे, आणि हौस फारच असेल तर केबललाही दिवे. गुलाबीतून जांभळ्यात, जांभळ्यातून निळ्यात सगळं वाहत असतं, आणि त्यातला एकही दिवा काही सांगत नाही. बोलणारे दिवे वेगळे असतात. ते मदरबोर्डच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात असतात, जेमतेम मिलिमीटरभर. चारच ठिपके आणि त्यांच्याशेजारी भिंग लावून वाचावीत अशी अक्षरं : सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. कंपनीगणिक रंग बदलतात, काही बोर्डांवर अनुक्रमे लाल, पिवळा, पांढरा, हिरवा. मला विचाराल तर त्या अख्ख्या काचेच्या पेटीत रसग्रहणाच्या लायकीची संहिता हीच.

तिची रचना बघा. बटण दाबलं की पहिला ठिपका लागतो, म्हणजे प्रोसेसरची तपासणी सुरू आहे. तो जागेवर सापडला की ठिपका विझतो आणि दुसरा लागतो : रॅम. ती उत्तीर्ण झाली की तिसरा, ग्राफिक्स कार्डाचा. मग चौथा : विंडोज वगैरे ज्यावरून उचलायचं ती डिस्क. तीही मिळाली की चौथाही विझतो. सगळं ठीक असेल तर ही संहिता स्वतःला पुसून टाकते, आणि वाचकाला ती कधी लिहिली गेली हेही कळत नाही. ती उरते फक्त अडल्यावर. तेव्हाही ती काय बिघडलं हे सांगत नाही, कुठे थांबलो एवढंच सांगते. पांढरा ठिपका तसाच राहिला तर कार्ड खराब असेल, खाचेत नीट बसलं नसेल, त्याला वीज मिळत नसेल किंवा खाचच गेली असेल. पुढचा अर्थ लावणं वाचकाकडे. क्रमही उगाच नाही. प्रोसेसरशिवाय रॅम तपासणार कोण, आणि रॅमशिवाय पुढची आज्ञावली चालवायची कुठे? प्रत्येक शब्द आधीच्या शब्दावर उभा आहे, एकही इकडचा तिकडे हलवता येत नाही.

हीच गोष्ट पूर्वी कानाने वाचायची होती. १९८१च्या आयबीएम पीसीपासून संगणक सुरू होताना स्वतःची तपासणी करतो आणि निकाल बीपने सांगतो. एक छोटी बीप म्हणजे सगळं आलबेल. एक लांब आणि दोन छोट्या म्हणजे डिस्प्ले कार्डाची तक्रार. लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे पाटीवरच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, असेंबल्ड संगणक जोडणारी एक पिढी ह्या बीपा ऐकून दुकानाच्या दुसऱ्या टोकावरून निदान सांगायची. आता बहुतेक बोर्डांबरोबर तो चिमुकला स्पीकर येत नाही. आवाज गेला, ठिपके आले. फायदाही झाला, कारण बीप हवेत विरून जाते आणि ठिपका वाट पाहत थांबतो.

हे वाचन करायची वेळ आली ती भाच्यामुळे. नेरूळला राहणाऱ्या ह्या मुलाने कीबोर्ड घेताना एका सोडतीचा अर्ज भरला होता, आणि त्याला चक्क पहिलं बक्षीस लागलं : तयार जोडलेला गेमिंग संगणक. बक्षिसाच्या संगणकाची गोष्ट विकतच्या संगणकाहून वेगळी असते. विकत घेणारा महिना-महिना भाव काढतो, कुठला एसएमपीएस, किती वॅट, कुठली रॅम यावर मित्रांशी भांडतो आणि भाग न् भाग ओळखूनच घरी आणतो. बक्षीसवाल्याला सगळं एकदम मिळतं. कोणी जोडलं, कोणत्या घाईत जोडलं, कुठली केबल शेवटी आठवली, काही ठाऊक नसतं. प्रस्तावना नसलेलं पुस्तक हातात पडतं.

आधी आयकराचं बघावं लागलं. १९६१च्या आयकर कायद्यातलं १९४ बी हे कलम सोडतीच्या बक्षिसाला लागायचं : ३० टक्के कर मुळातच कापायचा. रोख बक्षिसातून रक्कम वजा होते; वस्तूतून कापणार काय? म्हणून कायद्याने म्हटलं की बक्षीस पूर्णपणे वस्तुरूप असेल तर कर भरला गेल्याची खात्री झाल्याशिवाय ते सोडायचं नाही. तीन लाखांचा संगणक धरला तर नव्वद हजार. ताई म्हणाली, “फुकटच्याला एवढे पैसे?” पुष्कळ आयोजक हा कर स्वतःच भरतात, आणि भाच्याचं नशीब तिथेही जोरावर होतं. मी त्याला एकच गोष्ट मागून घ्यायला लावली : सुट्या भागांच्या बिलांच्या प्रती. बक्षिसाला पावती नसते, आणि वॉरंटीच्या खिडकीवर पहिला प्रश्न पावतीचाच येतो.

खोकं लिफ्टमधून वर आलं तेव्हा पाऊस लागला होता. काचेवर स्टिकर होता की आतलं पॅकिंग काढल्याशिवाय चालू करू नये. हा स्टिकर लोक गंमत म्हणून वाचतात, पण तो अगदी खरा असतो. काचेआड कार्डाच्या आकाराचा फोमचा फुगा भरलेला होता. तो प्रवासासाठी. वरच्या दर्जाचं ग्राफिक्स कार्ड दोन किलोंच्या पुढे जातं आणि बोर्डावर आडवं लटकतं. ट्रकच्या हादऱ्यांत त्याने खाच मोडू नये म्हणून ही तजवीज. फुगा वर उचलायचा नाही, सरळ बाहेर ओढायचा, नाहीतर त्याच्याबरोबर एखादी वायर निघून येते.

मग कार्डाला वीज देणारी केबल. इथे मी बराच वेळ रेंगाळलो, कारण हा भाग म्हणजे सुधारून काढलेल्या आवृत्तीचा उत्तम नमुना आहे. बारा जाड पिना आणि त्यांच्या कडेला चार बारीक. १२ व्होल्टवर ६०० वॅटपर्यंत वीज न्यायची म्हणजे ५० अँपिअर. ते सहा पिनांत वाटले की पिनेमागे आठांहून जास्त. प्लग पुरता आत बसला नाही तर स्पर्श अपुरा होतो आणि तेवढ्याच जागी उष्णता साठते. २०२२च्या ऑक्टोबरात आरटीएक्स ४०९० बाजारात आलं, आणि काही आठवड्यांतच वितळलेल्या प्लगांची छायाचित्रं जगभर फिरू लागली. प्लग अर्धवट बसणं हे त्यामागचं एक मोठं कारण निघालं. पुढच्या वर्षी आलेल्या सुधारित रचनेत जाड पिना पाव मिलिमीटरने लांब केल्या आणि चार बारीक पिना दीड मिलिमीटरने आखूड. बारीक पिनांचं काम निरोपाचं : केबल किती वॅट देऊ शकते हे त्या कार्डाला कळवतात. त्या आखूड झाल्यामुळे प्लग अर्धवट असेल तर निरोपच पोचत नाही, आणि निरोप नाही तर कार्ड ओढही घेत नाही. सूचनापुस्तिकेत ठळक अक्षरांत ‘नीट बसवा’ छापून जे साधलं नसतं, ते दीड मिलिमीटर खोडून साधलं. संपादन असावं तर असं. भाच्याच्या कार्डावरचं सॉकेट नव्या रचनेचं होतं. तरीही मोबाइलचा टॉर्च मारून फट नाही ना, आणि प्लगपाशीच केबल दुमडलेली नाही ना, हे पाहिलं.

बटण दाबण्याआधीच एक पान निघालं, आणि ते यंत्राचं नव्हतं, घराचं होतं. मागच्या बाजूच्या धातूला हात लावताच भाचा म्हणाला, “मामा, मुंग्या येतायत.” संगणकाच्या एसएमपीएसमध्ये विजेतला खरखराट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात, ते फेज आणि न्यूट्रल ह्या दोन्हींपासून कॅबिनेटच्या धातूला जोडलेले. अर्थिंग असेल तर ती किरकोळ गळती जमिनीत जाते. नसेल तर धातू २३० व्होल्टच्या निम्म्यावर, म्हणजे ११५च्या आसपास तरंगत राहतो. प्रवाह नगण्य, म्हणून मुंग्यांवर भागतं. दोष भिंतीतल्या प्लगचा नसून टेबलाखालच्या एक्स्टेन्शन बोर्डाचा निघाला. तिसरं भोक होतं, त्यामागे तारच नव्हती. वायरमनने टेस्ट लॅम्पची एक तार फेजला आणि दुसरी त्या भोकात घालून दाखवलं : दिवा ढिम्म. भिंतीच्या प्लगमध्ये लख्ख. लाखांच्या यंत्राला दीडशे रुपयांचा बोर्ड आपल्याकडे सर्रास लावतात. महापे-ऐरोलीच्या डेटा सेंटरांमध्ये अर्थिंगसाठी अख्खे आराखडे काढतात, आणि त्याच शहरातल्या घरात तिसरं भोक शोभेला असतं.

आता मुख्य उतारा. पंखे फिरले, रोषणाई झाली, लाल ठिपका लागून गेला आणि पिवळा लागला. तो लागलेलाच राहिला. पडदा काळा. भाच्याचा हात बटणाकडे गेला तो मी धरला. नव्या डीडीआर५ रॅमला पहिल्यांदा सुरू होताना काही मिनिटं लागू शकतात, आणि ह्या मिनिटांत जगभर चांगले संगणक मेलेले समजून बंद केले जातात. आत काय चाललेलं असतं? ४८०० वेगाच्या रॅममध्ये एकेका तारेवरून सेकंदाला ४.८ अब्ज बिट धावतात, म्हणजे एका बिटाच्या वाट्याला सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा पाचवा हिस्सा. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा सहा सेंटिमीटरच जातो, आणि बोर्डाच्या तांब्यातला संकेत त्याच्या निम्म्याच्या आसपास. अशा सव्वाशेहून जास्त तारा प्रोसेसरपासून रॅमपर्यंत गेलेल्या. कुणी केसभर लांब, कुणी आखूड, कुणाजवळ दुसरी खेटून. तेव्हा प्रोसेसर प्रत्येक तारेवर ओळखीचा नमुना पाठवतो, तो कितपत शाबूत परतला हे बघतो, वेळ जरा पुढेमागे सरकवतो आणि पुन्हा पाठवतो. मैफलीआधी तंबोरे लावून घ्यावेत तसं हे जुळवणं. ते झाल्याशिवाय पहिला स्वर लागत नाही. बाहेरून दिसतो एक पिवळा ठिपका, एवढंच. दोष असला तरी पिवळा, काम चाललेलं असलं तरी पिवळा. ह्या संहितेवर माझा आक्षेप असेल तर तो इथे. निदान काम चालू असताना तिने मिणमिणावं.

पण इथे काम चालू नव्हतं. यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचं आणि त्याच ठिपक्याशी यायचं. वीज काढून काच उघडली. चार खाचांपैकी दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत पट्ट्या होत्या, म्हणजे जोडणाऱ्याला काम येत होतं. बहुतेक बोर्डांवर तारा आधी जवळच्या खाचेतून आणि मग लांबच्या खाचेत जातात. जवळची भरून लांबची रिकामी ठेवली तर संकेत मोकळ्या टोकावर आपटून परत येतो आणि पुढच्या बिटाशी भांडतो. म्हणून शेवटची खाच आधी भरायची. चौथ्या खाचेतली पट्टी मात्र एका टोकाला किंचित वर होती, नखाच्या जाडीएवढी. वरून बघताना दिसत नव्हतं, बाजूने डोळा लावला तेव्हा सोनेरी दातांची बारीक रेघ दिसली. दोन्ही टोकांवर अंगठे ठेवून दाबलं आणि कट्ट वाजलं. पुन्हा पिवळा, ह्या वेळी धीराने पिवळा, मग पांढरा, मग हिरवा, मग काहीच नाही. पडद्यावर कंपनीचं बोधचिन्ह.

खरी गंमत त्यानंतर. विंडोज आलं, ड्रायव्हर चढले, भाच्याने गेम लावला आणि त्याचा चेहरा पडला. “मामा, ह्यापेक्षा माझा जुना बरा होता.” एकही ठिपका लागलेला नाही आणि तरी सगळं निस्तेज. मला हे दोष जास्त आवडतात, कारण इथे संहिता गप्प असते आणि आजूबाजूचं वाचावं लागतं. काचेतून पाहिलं तर ग्राफिक्स कार्डाचे पंखे स्थिर. आजची कार्डं तापेपर्यंत पंखे फिरवत नाहीत हे खरं, पण एवढ्या जड गेममध्येही थंड? म्हणजे त्याला काम पोचतच नव्हतं. मागे जाऊन पाहिलं : मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये. नव्या प्रोसेसरमध्ये चित्र दाखवण्यापुरती एक छोटी सोय असते, तिनेच बिचारीने सगळं ओढलं होतं आणि दोन किलोंचं कार्ड वर बसून होतं. केबल बदलली तसे पंखे फिरले.

आणखी दोन मुकाट दोष निघाले. १४४ हर्ट्झचा मॉनिटर ६०वरच चालला होता, म्हणजे दर चित्र सातऐवजी जवळजवळ सतरा मिलिसेकंदांनी. आणि ६०००ची रॅम तिच्या मुळातल्या ४८०० वेगावर, कारण वरचा वेग बायोसमध्ये जाऊन मागावा लागतो. तो मागितल्यावर यंत्र पुन्हा काळं झालं, पिवळा ठिपका लागला आणि लागलेलाच राहिला. ताई दारातून म्हणाली, “बंद पडला का रे?” भाचा म्हणाला, “नाही गं, तारा जुळवतोय.”

काही जोडणारे मदरबोर्डच्या त्या सॉकेटवर प्लास्टिकचं बूच बसवून देतात. वाचकाचा विचार करून लिहिलेली ती एक ओळ, आणि बक्षिसाच्या यंत्रात नेमकी तीच राहिली होती. भाच्याने त्यावर इन्सुलेशन टेप चिकटवली आणि मार्करने लिहिलं : ‘इथे नाही. खाली.’