सेजब्रशवरची फळं

अमेरिकेतल्या नेवाडा, युटा, आयडाहो या राज्यांची कोरडी पठारं एकाच राखाडी झुडपानं व्यापलेली असतात. हे सेजब्रश, म्हणजे आर्टेमिसिया ट्रायडेंटाटा. जोतिबाला वाहतात तो आपला दवणाही आर्टेमिसियाच. सेजब्रशचं पान चिमुकलं, टोकाशी तीन दाते, अंगावर पाणी राखणारी रुपेरी लव. सगळा कारभार काटकसरीचा. आणि अशा पानावर मध्येच जांभळट झाक असलेलं, गुबगुबीत, उंचसखल फळ लगडलेलं दिसतं!

फळ नव्हे, ती ऱ्होपालोमाया पोमम या माशीच्या अळीमुळे पानावर आलेली गाठ. आपल्याकडे भाताचा पोंगा नासवणारी गादमाशी हिच्याच कुळातली.

गाठ चिरून पाहावी. आत सगळा मऊ, स्पंजासारखा गर, आणि त्यात अळीपुरती इवलीशी पोकळी. एवढ्याशा जिवाला एवढा ऐसपैस वाडा कशाला? परजीवी गांधीलमाश्या बाहेरून अंडी घालायची नळी खुपसून अळीवर अंडी सोडतात. गराची जाडी त्यांना आतवर पोचू देत नसावी, असं एक अनुमान आहे. ते पटण्याजोगं आहे. पण मला भुरळ पडते ती बांधणीची. अळी स्वतः काहीच रचत नाही. ती एका जागी बसून खाते, आणि तिच्या असण्यानं पानाच्या पेशी वेगळ्याच वाटेनं वाढू लागतात. माल झाडाचा, मजुरी झाडाची, आराखडा मात्र माशीचा. कोषातून निघताना माशी गाठीच्या भिंतीतून अर्धी बाहेर येते, कात तिथंच अडकवून उडते, आणि फार थोडा काळ जगते.

सेजब्रशवर या माश्यांच्या अनेक जाती नांदतात. माश्या दिसायला इतक्या सारख्या की ओळख पटवावी ती गाठीवरून. कुणाची लोकरी, कुणाची नळीसारखी, कुणाची अरुंद पानांचा दाट झुबका. १९८३ साली जोन्स, गान्ये आणि बार यांनी आयडाहोतल्या या माश्यांवर प्रबंध प्रसिद्ध केला, त्यातही गाठींना मोठं स्थान आहे.

झुबक्याची गाठ बहुतेकांना अधिक देखणी वाटेल. मी पोममला वरचं स्थान देतो. झुबका कितीही दाट झाला तरी तो पानांचाच. पानं करणं झाडाला ठाऊकच असतं. पोममसाठी मात्र सेजब्रश असा गुबगुबीत, गोलसर आकार घडवतं, जो त्याच्या स्वतःच्या फुलाफळांत कुठेच नाही.