रक्त आमचे, प्रश्न कुणाचा?

पँथर हे नाव आपण अमेरिकेतून घेतले. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. ब्लॅक पँथरची काळी जाकिटे आणि बंदुका आपल्याकडे पुष्कळ चर्चिल्या गेल्या. त्यांच्या दवाखान्यांविषयी मात्र कुणी फारसे बोलले नाही. अलोंड्रा नेल्सन यांच्या 'बॉडी अँड सोल' (२०११) या ग्रंथाचे मोल आपल्यासाठी इथे आहे.

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. अमेरिकेत तो मुख्यत्वे काळ्यांचा, म्हणून तिथल्या प्रस्थापित वैद्यकाने त्याची दीर्घकाळ उपेक्षा केली. १९७१ च्या सुमारास पँथरांनी बोटातून थेंबभर रक्त घेऊन वस्तीत तपासणी सुरू केली. डॉक्टर, परिचारिका सोबतीला होत्या, पण वस्तीत ते पाहुणे होते. कोणत्या दुखण्याला आधी हात घालायचा हे चळवळ ठरवीत होती. हे उलटे नाते नेल्सनबाई बारकाईने उभे करतात.

त्याच १९७२ च्या जुलैत टस्कीगी उघडकीस आले. सिफिलिस झालेल्या ३९९ काळ्या पुरुषांना, पेनिसिलिन हाताशी आल्यावरही, उपचाराविना नुसते न्याहाळले गेले. १९३२ पासून चाळीस वर्षे! त्यांना तपासणीला आणणारी परिचारिका युनिस रिव्हर्स स्वतः काळी होती. आपल्यातला एखादा संशोधकांच्या पंक्तीला बसवला की लोकसहभाग झाला, असे मानणाऱ्यांनी हे नाव ध्यानात ठेवावे.

पँथरांचेही सगळे बिनचूक नव्हते. त्यांच्या झटपट चाचणीला वाहक आणि रुग्ण यांतला फरक कळत नसे. आणि त्या दशकात निव्वळ वाहक असलेल्यांनाही नोकरीत, विम्यात अडवले गेले. इथे लेखिकेने अधिक रेंगाळायला हवे होते. कार्यकर्ते आणि डॉक्टर ग्रंथात भरपूर बोलतात. बोट पुढे करणारी बाई त्या मानाने गप्पच वाटते.

आणि आपली बाई? मध्य भारतातील सिकलसेलवरचा निबंध 'लॅन्सेट'मध्ये छापून आला १९५८ साली. पुढे महार, गोंड अशा जातिजमातींच्या रक्ताची कोष्टके निघत राहिली. १ जुलै २०२३ ला सात कोटी लोकांच्या तपासणीचे राष्ट्रीय अभियानही सुरू झाले. तपासणी हवीच, तिला कोण नाही म्हणेल? पण विदर्भातल्या माझ्या वर्गात सिकलसेलचे कार्ड लग्न जमेपर्यंत लपवणाऱ्या मुली आहेत. ऐन परीक्षेत हाडे ठणकू लागली तर काय करायचे, हायड्रॉक्सीयुरिया तालुक्यात दर महिन्याला का मिळत नाही, हे त्यांचे प्रश्न. कोष्टक मांडणाऱ्यांनी आपल्या प्रश्नावलीत ते कुठे आहेत, तेवढे दाखवावे.