पडद्यावरचा आदिवासी आणि पडद्यामागचा

जातीच्या प्रश्नावर मराठी स्वतंत्र चित्रपट बराच पुढे आला आहे. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ने (२०१३) गावकुसाबाहेरचे घर त्या घराच्याच नजरेने दाखवले. आदिवासींच्या वाट्याला असे काही आलेले नाही. पालघर जिल्ह्यातल्या तलासरीच्या हद्दीला लागून असलेल्या गुजरातेतल्या उंबरगावात दूरदर्शनची ‘रामायण’ मालिका चित्रित झाली, पण शेजारच्या वारली पाड्यांची गोष्ट मोठ्या पडद्यावर आली नाही. आदिवासी पडद्यावर दिसलेच नाहीत, असे मात्र नाही. ‘जैत रे जैत’ (१९७७) ठाकर आदिवासींची कथा सांगतो. गोविंद निहलानींच्या ‘आक्रोश’मधला (१९८०) लहान्या भिकू जवळजवळ सबंध चित्रपटभर गप्प असतो. अखेरीस बापाच्या चितेपाशी तो कुऱ्हाड उचलतो, बहिणीला मारतो आणि मगच त्याचा आवाज फुटतो. या चित्रपटाचे लेखक विजय तेंडुलकर यांच्या लेखणीची ताकद या मौनात आहे, तिची मर्यादाही तिथेच आहे. कारण १९४५ साली तलासरीजवळच्या झरीला जमलेले वारली गप्प नव्हते. वेठ करणार नाही, असे त्यांनी सावकार-जमीनदारांना ठणकावले होते. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये हा उठाव नोंदलेला आहे. म्हणजे कथा नाही म्हणून कुणी अडलेले नव्हते. आदिवासींना बोलते दाखवणारा कॅमेरा मात्र कुणी तिकडे नेला नाही.

बाहेरच्याने दुसऱ्याची गोष्ट सांगूच नये का, असे कुणी विचारील. जरूर सांगावी, ‘आक्रोश’ नसता तर आपण गरीबच राहिलो असतो. तक्रार आहे ती फक्त बाहेरच्यांनीच सांगण्याची. शिवाय घरचा माणूस सांगतो म्हणून ते आपोआप खरे ठरते, असेही नाही. वारली चित्रकलेचा इतिहास दोन्ही बाजू दाखवतो. लग्नघरातल्या गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहीत त्या सवाष्णी. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णींनी कागद आणला आणि गंजाडचे जिव्या सोमा म्हसे जगभर गेले, २०११ साली ‘पद्मश्री’ झाले. आपल्या हाती आलेल्या माध्यमातून केवढे काही उभे राहू शकते याचा तो पुरावा आहे. पण नाव झाले ते मुख्यतः पुरुषांचे, आणि पुढे बाजाराने त्याच आकृत्या पिशव्यांवर छापून स्वस्त केल्या. तेव्हा कॅमेरा पाड्यावर आला तरी तो कुणाच्या हाती जातो, हे पाहावेच लागेल.

दुसरा आक्षेप असा की आता प्रत्येकाच्या हाती मोबाइल आहे, मग अडते कुठे? गाणी चित्रित होतात, हे खरे. पण दीड तासाची गोष्ट रचायला शिक्षण लागते, संकलनाला पैसा लागतो, दाखवायला पडदा लागतो. झारखंडमध्ये बिजू टोप्पो आणि मेघनाथ यांनी ‘अखड़ा’तर्फे वर्षानुवर्षे माहितीपट केले, राष्ट्रीय पुरस्कारही मिळवले. संस्था टिकली म्हणून हे जमले. असा आधार इकडे वारली भागातही उभा राहू शकतो: डहाणूला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, आसपास आश्रमशाळा आहेत. चित्रपट अनुदानातला छोटा वाटा आदिवासी मुलामुलींच्या पहिल्या चित्रपटासाठी, तोही त्यांच्याच बोलीत, राखून ठेवावा आणि तो चित्रपट आधी त्या आश्रमशाळांत दाखवावा. एवढे झाले नाही, तर मराठी चित्रपटाच्या वैविध्याचा गौरव अर्धाच खरा मानावा लागेल.