बरव्यांचा एनॅमल

चित्रकार प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) कॅनव्हासवर एनॅमल वापरीत. म्हणजे डब्यातला तोच ऑइलपेंट, जो आपल्या पांढुर्ण्यात दुकानांच्या पाट्यांना, दारांना आणि पोळ्याला बैलांच्या शिंगांना लागतो.

हा रंग तसा हट्टी. आपल्याच वजनाने पसरतो, ब्रशाच्या रेघा गिळून टाकतो आणि चकाकत वाळतो. भावनेच्या भरात फटकारे मारणाऱ्याच्या तो कामाचा नाही. बरव्यांना नेमके हेच हवे असावे, असे मला वाटते. त्यांच्या चित्रांत पान, घड्याळ, फळ, ढग एकमेकांपासून अंतर राखून असतात. रंगात हाताची खूण उरत नसल्याने वस्तू रंगवलेली न वाटता तिथे येऊन थांबल्यासारखी वाटते. पाट्या रंगवणारा पेंटर याच गुणावर अक्षर ठसठशीत करतो. बरवे त्याच गुणावर अर्थ संदिग्ध ठेवतात. (क्वचित हा गुळगुळीतपणा थंड वाटतो, हेही नोंदवले पाहिजे.)

१९६१ ते १९६५ ते बनारसच्या विणकर सेवा केंद्रात होते. त्या काळातील चित्रांवर तंत्रकलेची छाप आहे. पुढे ती प्रतीके मागे पडून साध्या, रोजच्या वस्तू आल्या.

माझ्या शाळेतली बहुतेक मुले हिंदीतून शिकतात, मराठी घरापुरती. बरव्यांचे ‘कोरा कॅनव्हास’ (१९९०) मूळ मराठीत आहे. चित्रकार रंग आणि अवकाश यांचा विचार कसा करतो, ते त्यात आपल्याच भाषेत वाचायला मिळते. सौंसर-पांढुर्ण्यातल्या किती घरांत ते असेल? मुलांसाठी नागपूरहून महागडे रंग आणण्याआधी पालकांनी ते आणावे. रंगाचा डबा तर इथल्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो.